उपग्रह खाली का पडत नाही? गुरुत्वाकर्षण आणि कक्षेचे गणित

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



७ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी श्रीहरिकोटा येथून भारताच्या नव्या लघु उपग्रह प्रक्षेपकाचे, म्हणजे एसएसएलव्हीचे, पहिले उड्डाण झाले. त्यावर ‘ईओएस-०२’ हा भूनिरीक्षण उपग्रह होता आणि सोबत ‘आझादीसॅट’ नावाचा सुमारे आठ किलोग्रॅम वजनाचा एक छोटा उपग्रह होता. देशभरातील ७५ शाळांमधील ७५० विद्यार्थिनींनी त्यातील उपकरणे तयार करण्यात भाग घेतला होता. घन इंधनाचे तिन्ही टप्पे ठरल्याप्रमाणे जळाले, दोन्ही उपग्रह यानापासून विलगही झाले. त्यांना ३५६ किलोमीटर उंचीवरील वर्तुळाकार कक्षेत सोडायचे होते. आणि ते तितक्या उंचीवर पोचलेही होते. तरीसुद्धा काही तासांतच इस्रोला जाहीर करावे लागले की, उपग्रह आता उपयोगाचे राहिलेले नाहीत. त्यांना वर्तुळाऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरची लंबवर्तुळाकार कक्षा मिळाली होती. ७६ किलोमीटर उंचीवरील हवा आपल्याला श्वास घेण्यास अतिशय विरळ असली, तरी सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूला रोखण्यास ती पुरेशी असते.

आजच्या विषयासाठी मी हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. उंची अचूक गाठूनही उपग्रह हातचे गेले, हे ज्याला नीट समजले त्याला कक्षा म्हणजे काय हेही समजले असे मी मानतो. ज्याने केवळ ‘केप्लरचे तीन नियम’ पाठ केले आहेत, त्याला ही घटना कोड्यासारखी वाटेल.

प्रथम आपला सर्वांत जुना प्रश्न घेऊ. उपग्रह खाली का पडत नाही? उत्तरपत्रिकांमध्ये याचे ठरावीक उत्तर आढळते: ‘गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते, अपकेंद्री बल त्याला बाहेर ढकलते, दोन्ही बले समान असल्यामुळे तो समतोल राहतो.’ हे उत्तर चुकीच्या वाटेने नेते. जमिनीवरून पाहणाऱ्या आपल्या दृष्टीने उपग्रहावर एकच बल कार्य करते, ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचे. त्यावरील बलांची बेरीज खरोखरच शून्य असती, तर न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार तो सरळ रेषेत निघून गेला असता. तो वळतो, याचाच अर्थ त्याच्यावर असंतुलित बल आहे. उपग्रह पडत नाही असे आपण म्हणतो. वस्तुतः तो सतत पडतच असतो.

न्यूटनने हे समजावण्यासाठी एका उंच पर्वताची कल्पना केली होती. पर्वतशिखरावरून तोफेचा गोळा आडवा डागला, तर तो वक्र मार्गाने जमिनीवर येतो. वेग वाढवला की अधिक दूर जाऊन पडतो. आता हवेचा अडथळा नाही असे समजा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. कोणतीही वस्तू पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते, मग ती सोडून दिलेली असो की आडवी फेकलेली. दुसरीकडे पृथ्वी गोल आहे. आडव्या सरळ रेषेत ७.९ किलोमीटर पुढे गेल्यास खालचा पृष्ठभाग त्या रेषेपासून साधारण ४.९ मीटरच खाली गेलेला असतो. म्हणजे गोळ्याचा वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर असेल, तर तो एका सेकंदात जितका पडतो तितकीच जमीनही त्याच्याखालून दूर जाते. दुसऱ्या सेकंदाला हेच, तिसऱ्यालाही हेच. गोळा पडत राहतो, पण जमिनीशी त्याचे अंतर तेवढेच राहते.

हा विचार चंद्रालाही लागू पडतो, हे न्यूटनचे खरे धाडस. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या साधारण साठपट अंतरावर आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर तेथे त्वरण ३६०० पटींनी कमी हवे, म्हणजे चंद्र एका सेकंदात ४.९ मीटर भागिले ३६००, सुमारे १.४ मिलिमीटर इतका पृथ्वीकडे ‘पडला’ पाहिजे. चंद्राचे अंतर आणि त्याचा २७.३ दिवसांचा परिभ्रमणकाळ यांवरून स्वतंत्रपणे काढलेले उत्तरही तितकेच येते. झाडावरून पडणारे फळ आणि आकाशातील चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे या सव्वा ओळीच्या भागाकारात दिसते. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाने त्याची सविस्तर मांडणी केली.

आता सूत्र. वर्तुळाकार कक्षेत गुरुत्वाकर्षण हेच अभिकेंद्री बल असते. दोन्ही राशी समान मांडल्या की उपग्रहाचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडून जाते आणि उरते ते असे: वेगाचा वर्ग बरोबर गुरुत्वीय स्थिरांक गुणिले पृथ्वीचे वस्तुमान भागिले पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर. वस्तुमान उडाले याकडे लक्ष द्या. आठ किलोग्रॅमचा आझादीसॅट आणि चारशे टनांहून अधिक वजनाचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक यांना समान उंचीवर समान वेगच लागतो. दुसरी गोष्ट, उंची ठरली की वेग ठरला. त्यात घासाघीस नाही. ४०० किलोमीटरवर सेकंदाला सुमारे ७.६७ किलोमीटर, ३६ हजार किलोमीटरवर सुमारे ३.०७ किलोमीटर. वर जावे तसा वेग कमी होतो.

येथेच वजनरहित अवस्थेचा गैरसमज दूर करू. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा ते तरंगताना आपण सर्वांनी पाहिले. ‘तेथे गुरुत्वाकर्षण नसते’ हे वाक्य त्या काळात पुष्कळदा ऐकू आले. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वीय त्वरण जमिनीवरील त्वरणाच्या सुमारे ८८ टक्के असते. ते नसते, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते. अंतराळवीर तरंगतो कारण तो, त्याच्या पायाखालची जमीन आणि त्याच्या हातातील पेन ही सारी एकाच त्वरणाने पडत असतात. कोणीच कोणाला दाबत नाही. घरी करून पाहण्याजोगा प्रयोग आहे. पत्र्याच्या डब्याला बुडाजवळ छिद्र पाडून त्यात पाणी भरा, धार लागेल. तोच डबा उंचावरून सोडून द्या; पडत असेपर्यंत धार थांबलेली दिसेल. डब्यातील पाण्यावरचे गुरुत्वाकर्षण त्या क्षणी कोठेही गेलेले नसते.

आता आपण ७ ऑगस्टच्या सकाळकडे परत जाऊ. यानाला आपला वेग कळतो तो त्यावरील त्वरणमापकांच्या नोंदींवरून. दुसरा टप्पा विलग होताना अल्पकाळ जोराची कंपने झाली, त्वरणमापकांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत असा निष्कर्ष यानावरील संगणकाने काढला आणि पुढील मार्गक्रमण पर्यायी पद्धतीने झाले. या गडबडीत अंतिम वेग अपेक्षेपेक्षा थोडा कमी पडला. किती थोडा? ३५६ किलोमीटरवर वर्तुळाकार कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७.६९ किलोमीटर वेग लागतो. ३५६ बाय ७६ च्या कक्षेत त्याच उंचीवर वेग असतो सुमारे ७.६१ किलोमीटर. तफावत सेकंदाला साधारण ऐंशी मीटर, म्हणजे जेमतेम एक टक्का.

एक टक्क्याने इतके नुकसान का व्हावे? जेथे इंजिन बंद होते तो बिंदू नव्या कक्षेवर असतोच, कारण त्या क्षणी उपग्रह तेथे असतो. वेगातील बदलाचा परिणाम दिसतो तो पृथ्वीच्या नेमक्या विरुद्ध बाजूला, अर्ध्या फेरीनंतर. कमी उंचीच्या कक्षांसाठी एक सोपा आडाखा लक्षात ठेवा: वेगात सेकंदाला एक मीटरचा फरक पडला, की समोरच्या बाजूची उंची सुमारे साडेतीन किलोमीटरने बदलते. ऐंशी गुणिले साडेतीन, दोनशे ऐंशी. ३५६ मधून २८० वजा केले की ७६ उरतात. त्या दिवशीचे सारे अपयश या वजाबाकीत मावते. पहिल्या फेरीच्या पूर्वार्धातच उपग्रह दाट हवेच्या दिशेने निघाले होते आणि त्यांना वेग देऊ शकेल असे काही हाताशी नव्हते.

लंबवर्तुळाचा उल्लेख आला, म्हणून केप्लरकडे वळणे आवश्यक आहे. टायको ब्राहे याने दुर्बिणीशिवाय घेतलेल्या मंगळाच्या वेधांचा मेळ वर्तुळाकार मार्गाशी घालताना केप्लरला कमाल आठ कलांचा फरक आढळला. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. इतका फरक दुर्लक्षिता आला असता. त्याने तो दुर्लक्षिला नाही. १६०९ मध्ये पहिले दोन नियम आणि १६१९ मध्ये तिसरा नियम प्रसिद्ध झाला. केप्लरला नियम निरीक्षणातून सापडले, त्यांमागील कारण माहीत नव्हते. ते न्यूटनने पुरवले. परीक्षेत या दोघांचे श्रेय एकमेकांच्या नावावर घालू नये.

दुसऱ्या नियमाचा, म्हणजे समान काळात समान क्षेत्रफळाचा, व्यावहारिक अर्थ असा की पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूशी, उपभूशी, उपग्रहाचा वेग सर्वाधिक असतो आणि सर्वांत दूरच्या बिंदूशी, अपभूशी, सर्वांत कमी. भूस्थिर कक्षेकडे जाणाऱ्या उपग्रहाची संक्रमण कक्षा पाहा. उपभू २०० किलोमीटर आणि अपभू ३५,७८६ किलोमीटर धरल्यास खाली वेग असतो सेकंदाला १०.२ किलोमीटर, वर फक्त १.६ किलोमीटर. तेथे वर्तुळाकार फिरण्यासाठी ३.०७ हवा. ही जवळजवळ दीड किलोमीटरची तूट भरून काढली नाही, तर उपग्रह साडेदहा तासांच्या फेऱ्या मारत खाली-वर जात राहील. १९ जून १९८१ रोजी एरियन यानातून गेलेल्या आपल्या ‘ॲपल’ या प्रायोगिक दळणवळण उपग्रहाने ही तूट भरून काढली ती एसएलव्ही-३ च्या चौथ्या टप्प्याच्या मोटरवर आधारित इंजिनाच्या साह्याने. बैलगाडीवर ठेवलेल्या ॲपलचे छायाचित्र आपण पाहिले असेल. ते दारिद्र्याचे चित्र म्हणून दाखवले जाते. प्रत्यक्षात अँटेनाच्या चाचणीसाठी धातूचा अडथळा टाळावयाचा होता, म्हणून लाकडी गाडी निवडली होती.

आता मंगळयानाशी तुलना करा. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्हीने त्याला सुमारे २५० बाय २३,५०० किलोमीटरच्या कक्षेत ठेवले. त्यानंतर प्रत्येक वेळी उपभूजवळ इंजिन चालवून अपभू उंचावत नेला गेला. ११ नोव्हेंबरच्या ज्वलनात बिघाड झाला. सेकंदाला १३० मीटरची वाढ हवी होती, मिळाली ३५ मीटरची. एक लाख किलोमीटरचे लक्ष्य होते, अपभू ७८ हजारांवरच थांबला. टक्केवारीने पाहिले तर ही तूट एसएसएलव्हीच्या तुटीच्या तोडीची होती. पण मोहीम सुरक्षित राहिली आणि दुसऱ्याच दिवशी पूरक ज्वलनाने अपभू १,१८,६४२ किलोमीटरवर नेण्यात आला. कारण पुन्हा तेच: वेगातील तुटीचा परिणाम समोरच्या बाजूला होतो. मंगळयानाची समोरची बाजू हजारो किलोमीटर उंच होती, तेथे उणेपण परवडत होते. उपभू जागच्या जागी राहिला. एसएसएलव्हीच्या उपग्रहांची समोरची बाजू वातावरणात गेली. वेगाचा हिशेब कोठे चुकला यावर दुसरी संधी मिळणार की नाही, हे ठरते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी झालेल्या एसएसएलव्हीच्या दुसऱ्या उड्डाणात सुधारित यानाने ‘आझादीसॅट-२’ सह तीन उपग्रह ४५० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेत अचूक सोडले.

तिसरा नियम विद्यार्थ्यांना अवघड वाटतो, पण तो तोंडी गणिताचा विषय आहे. परिभ्रमणकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. चंद्राला एका फेरीस साधारण २७ दिवस लागतात. आपल्याला एका दिवसात फेरी पूर्ण करणारा उपग्रह हवा आहे. काळ २७ पटींनी कमी, तर अंतर किती पटींनी कमी? २७ चे घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. चंद्राचे अंतर ३,८४,४०० किलोमीटर. त्याला ९ ने भागा, सुमारे ४२,७०० येतात. खरा आकडा ४२,१६४ आहे, कारण आपण २७.३ चे २७ केले, पृथ्वीचे परिवलन २३ तास ५६ मिनिटांचे असते हे सोडून दिले आणि चंद्राचे स्वतःचे वस्तुमानही विचारात घेतले नाही. त्यातून पृथ्वीची ६,३७८ किलोमीटरची विषुववृत्तीय त्रिज्या वजा केली की ३५,७८६ किलोमीटर ही भूस्थिर कक्षेची उंची मिळते. हा आकडा पाठ करण्याची आवश्यकता नाही, तो चंद्राने दिलेला आहे.

मग असा उपग्रह नागपूरच्या किंवा दिल्लीच्या डोक्यावर का थांबवता येत नाही? कारण गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या केंद्राकडे असते. त्यामुळे प्रत्येक कक्षेचे प्रतल केंद्रातून गेलेच पाहिजे. नागपूरच्या अक्षवृत्ताला समांतर फिरणारी कक्षा केंद्रातून जात नाही. स्थिर राहायचे तर विषुववृत्ताच्या वरच. ‘नाविक’ या आपल्या दिक्चालन प्रणालीत म्हणूनच काही उपग्रह भूस्थिर आणि काही कललेल्या भूसमकालिक कक्षांत योजलेले आहेत. नंतरचे उपग्रह आकाशात इंग्रजी आठच्या आकृतीत वर-खाली जाताना दिसतात. ‘भूस्थिर’ आणि ‘भूसमकालिक’ हे शब्द समानार्थी नाहीत, हे येथे नोंदवून ठेवा.

आता थोडी गंमत. खालच्या कक्षेत वेग अधिक आणि फेरी लहान, हे आपण पाहिले. त्यामुळे कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचे असेल, तर रस्त्यावरील वाहनचालकाची सवय उपयोगी पडत नाही. मागच्या यानाने इंजिन चालवून वेग वाढवला, तर ते उंच कक्षेत जाते, फेरीला अधिक वेळ घेते आणि आणखी मागे पडते. पुढच्याला गाठायचे, तर आधी वेग कमी करून खाली उतरावे लागते. ४७० किलोमीटर उंचीवर केवळ दहा किलोमीटर खालून फिरणारे यान प्रत्येक फेरीत सुमारे ९४ किलोमीटर पुढे सरकते. ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या ‘स्पेडेक्स’च्या दोन उपग्रहांनी अशाच नियंत्रित सरकण्याचा उपयोग करून अंतर वाढवले, घटवले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी परस्परांशी जोडणी केली. विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रहाचे जे होते तेही याच जातीचे आहे. घर्षणाने ऊर्जा कमी होते, उपग्रह खाली येतो आणि त्याचा वेग वाढतो. वाचताना हे चूक वाटते. पण खाली येताना जितकी स्थितिज ऊर्जा घटते, तिचा अर्धा भाग घर्षणाच्या उष्णतेत जातो आणि अर्धा गतिज ऊर्जेत. परीक्षकाने विधान-कारण स्वरूपाचा प्रश्न विचारावा, अशी ही जागा आहे.

आतापर्यंत आपण पृथ्वी निर्दोष गोल मानली. ती तशी नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने अधिक आहे. या फुगवट्याच्या ओढीमुळे कललेल्या कक्षेचे प्रतल हळूहळू फिरते. त्रास म्हणून सोडून देण्याऐवजी अभियंत्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. कल ९८ अंशांच्या आसपास ठेवला, तर प्रतल दिवसाला जवळजवळ एक अंश पूर्वेकडे सरकते, म्हणजे वर्षाला एक पूर्ण चक्कर. सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या प्रवासाशी ते बरोबरी राखते. मग उपग्रह प्रत्येक प्रदेशावरून रोज साधारण त्याच स्थानिक वेळी जातो आणि सावल्यांची लांबी सारखी राहिल्याने दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या पिकांच्या प्रतिमांची तुलना करता येते. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून सोडलेला आयआरएस-१ए हा आपला दूरसंवेदन उपग्रह ९०४ किलोमीटरच्या अशाच सूर्यसमकालिक कक्षेत होता. भूजल, पडीक जमीन, वनक्षेत्र यांच्या नकाशांमागे हा फुगवटा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या कक्षेसाठी यानाला दक्षिणेकडे जावे लागते. श्रीहरिकोट्याहून थेट दक्षिणेला निघाल्यास वाटेत श्रीलंका येते. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेकडे जाते आणि नंतर वळते. उड्डाणात दिशा बदलणे म्हणजे वेगाचा खर्च, आणि एसएसएलव्हीसारख्या लहान यानाला तो जड जातो. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनम येथे दुसऱ्या प्रक्षेपण केंद्राची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली, त्यामागे हे कारण आहे. तेथून दक्षिणेकडे समुद्र मोकळा आहे. भूस्थिर कक्षेच्या यानांना मात्र श्रीहरिकोट्याची पूर्व दिशा सोयीची. पृथ्वीच्या परिवलनामुळे सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेग त्यांना उड्डाणापूर्वीच मिळालेला असतो.

वेळ संपत आली आहे, म्हणून एक गणित देऊन थांबतो. ऑगस्ट २०२३ मध्ये विक्रम लँडर विलग झाला त्या सुमारास चंद्रयान-३ चंद्रापासून साधारण १५० किलोमीटरवर फिरत होते. पुढे त्याचा प्रणोदन भाग काही काळ त्याच कक्षेत राहिला. आपण सोयीसाठी १०० किलोमीटरची वर्तुळाकार कक्षा घेऊ. चंद्राची त्रिज्या १,७३७ किलोमीटर आणि पृष्ठभागावरील गुरुत्वीय त्वरण १.६२ धरून अशा यानाचा वेग आणि परिभ्रमणकाळ काढा. वेग सेकंदाला १.६३ किलोमीटर आणि काळ सुमारे एक तास अठ्ठावन्न मिनिटे यायला हवा. उत्तर वेगळे आले, तर बहुधा आपण अंतर चंद्राच्या पृष्ठभागापासून मोजले असेल. ते केंद्रापासून मोजून पुन्हा पाहा.